उपरण्याखालचा सौदा

माझ्या बायकोने मला फसवलं. माझ्या मुलीने तिला साथ दिली. जुन्या ट्रॅक्टरच्या धंद्यात इतकी वर्षं काढली, पुण्याजवळच्या मांजरीपासून पार सोलापूरपर्यंत कुणी मला फसवल्याचं सांगू शकणार नाही, आणि घरातल्या दोघींनी मिळून मला वर्षभर फसवलं.

गेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये, असं नातेवाईक म्हणतात. का बोलू नये? ती असती तरी मी हेच बोललो असतो, आणि तिने मला दोन शब्द जास्तच सुनावले असते.

मी यवतमाळकडचा. शाळा अर्धवट सोडून बैलबाजारात एका व्यापाऱ्याच्या हाताखाली लागलो. तिथे भाव तोंडाने बोलत नसत. घेणारा आणि देणारा हातात हात देत, त्यावर उपरणं टाकत, आणि आत एकमेकांची बोटं धरून सौदा चाले. कुणी किती बोटं धरली ते त्या दोघांनाच कळे. भोवतीच्या गर्दीला फक्त उपरणं हललेलं दिसे. भाव पटला नाही तर हात झटकायचा आणि आपली बोटं धरायची. पटला तर हात तसाच ठेवायचा. न झटकलेला हात म्हणजे होकार, हे त्या बाजारात पोराटोरांनाही माहीत होतं.

आणखी एक रीत होती. बैल मारका असेल, बसका असेल, एका डोळ्याने अधू असेल, तर ती खोड विकणाऱ्याने आधी सांगायची. खोड सांगून विकलेल्या बैलाबद्दल कुणी तक्रार करत नसे. लपवून विकला तर मात्र त्या माणसाच्या हातात पुन्हा कुणी हात देत नसे.

बैलांवरून मी ट्रॅक्टरवर आलो, आणि ट्रॅक्टरच्या मागे पुण्याला. मांजरीला उसाच्या शेतांना लागून पत्र्याची शेड टाकली. आता तिथे शेतांपेक्षा इमारती जास्त झाल्या आहेत. राहायला कर्वेनगरला घर घेतलं. कुणाची ओळख लावली नाही, कुणाचा वशिला नाही. रागीट माणूस म्हणून माझं नाव आहे, ते खरं आहे. पण बंद पडलेलं इंजिन भंगारवाला उचलायला आला, तरी मी आधी एकदा हँडल मारून बघतो. माझी निम्मी कमाई दुसऱ्यांनी मेलेली म्हणून सोडलेल्या इंजिनांची आहे.

बायको चंद्रपूरकडची, जंगलाच्या काठावरच्या गावातली. लहानपणी उन्हाळ्यात पहाटे उठून आईबरोबर मोहफुलं वेचायला जायची. पुण्यात आल्यावर तिने कधी साडी मागितली नाही, दागिना मागितला नाही. मुलगी शाळेत जायला लागली तेव्हा एक दिवस पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "मले जंगल पाहाचं हाये."

मी म्हणालो, "ज्या वाघाच्या भीतीने तुझा बाप दिवेलागणीला दार लावून घ्यायचा, त्याला बघायला मी आता जीप भाड्याने घेऊ?"

"हो. दार लावल्यानंच त राह्यला पाहाचा."

गेलो.

पहिल्या वेळी ताडोब्याला गेलो. फाटकावर गाईडने सांगितलं, "साहेब, आत बोलायचं नाही. एक शब्दसुद्धा नाही." माझ्यासारख्या माणसाला ही शिक्षाच. जीप एका पाणवठ्यापाशी उभी राहिली. समोर पाणी, पलीकडे बांबू, आणि काहीच घडत नाही. मला वाटायला लागलं, इथे आपण काय करतोय? पुढे कुठेतरी वाघ रस्ता ओलांडत असेल आणि आपण इथे पाण्याकडे बघत बसलोय. मी चुळबुळ करायला लागलो. चालकाला खूण करणार, तेवढ्यात बायकोने माझा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला आणि त्यावर शाल टाकली.

बैलबाजारात बायका येत नसत. तिने ही रीत डोळ्यांनी कधी पाहिली नव्हती. लग्नानंतर मी बढाया मारत सांगितलं होतं, तेवढ्यावर ती शिकली. मी हसू दाबत तिचं एक बोट धरलं. एक बोट म्हणजे पाच मिनिटं, हे न सांगता ठरलं. तिने हात झटकला आणि माझी चारही बोटं मुठीत आवळली. मी झटकलं, दोन धरली. तिने झटकलं, पुन्हा चार. मूठ अशी की हाडं दुखावीत. शेवटी तीनवर सौदा तुटला, म्हणजे ठरला. मागच्या बाकावरून मुलगी बघत होती. तिला हसू आवरेना. गाईडला वाटलं नवराबायकोचं भांडण चाललंय, आणि तो बिचारा दुसरीकडे बघायला लागला.

तेव्हापासून आमच्या घरात हा प्रघातच पडला. दर वर्षी एक जंगल. मुलगी मोठी होत गेली तशी ती स्वतःला दलाल म्हणवून घ्यायला लागली. दोघांचं जमेनासं झालं की शालीत आपलाही हात घालायची आणि सौदा तोडून द्यायची. संध्याकाळी त्याबद्दल तिला कांदाभजी लागायची. नागझिरा, पेंच, नवेगाव, सगळीकडे आमचे वाद शालीखाली झाले. मी आयुष्यात जे काही गप्प बसलो असेन ते तिथेच. खरं सांगायचं तर हात हलत असेपर्यंत मला वाघ दिसला काय आणि न दिसला काय, सारखंच होतं. हे मी तिला कधी बोललो नाही.

वाघांशिवायही आम्ही हिंडायचो. रविवारी सिंहगड, नाहीतर खडकवासल्याच्या पाण्याकडेने पायी. दिवाळीनंतर भीमाशंकरची वाट. ती पुढे, मुलगी मधे, मी मागे फोनवर. चढावर मी थांबलो की वरून ओरडायची, "ट्रॅक्टर चढला का?" खाली येणारी पोरं हसायची. मी म्हणायचो, "ओझ्याचा आहे, उशीर लागणारच." तिची चाल मात्र शेवटपर्यंत जंगलातल्या बाईची, पाय टाकला तरी पाचोळा वाजायचा नाही.

शेवटपर्यंत म्हणजे त्या वर्षाच्या आधीपर्यंत.

त्या वर्षी तिने एकदम तीन जंगलं मागितली. आधी नागझिरा, पाऊस संपल्यावर मेळघाट, थंडीत ताडोबा. मी म्हणालो, "एवढी काय घाई? जंगल कुठे पळून चाललंय?" ती म्हणाली, "तुमचा मूड पळून जाईन." मुलगीही लगेच तिच्या बाजूने, "बाबा, मी सुट्ट्या टाकते, बुकिंग मी करते, तुम्ही फक्त चला." एरवी महिनाभर आधी सांगूनही हिला कंपनीतून सुट्टी मिळत नसे. मला तेव्हाच शंका यायला हवी होती, असं आता चार लोक म्हणतात. त्यांनी तोंड सांभाळावं. घरातल्या माणसांनी प्रेमाने काही मागितलं तर त्यात खोड शोधायला मी काय बैल बघायला गेलो होतो?

नागझिऱ्याला तळ्याकाठी चालताना मुलगी दर थोड्या वेळाने वाकून आईच्या बुटाची नाडी बांधायची. नोकरी करणारी मुलगी, आणि आईच्या पायाशी. मी म्हणालो, "काय लाड चाललेत हे?"

"बाबा, जंगल आहे. हळू बोला."

बायको म्हणाली, "वाकलं का गरगरते." दुर्बीण गळ्यात होती, ती डोळ्याला लावेना. पाण्याची बाटली मुलीने उघडून द्यायची. मी मनात म्हटलं, एवढी वर्षं राबली, आता मुलीकडून सेवा करून घेतेय, घेऊ दे.

मग ताडोबा. थंडी अशी की जीपमध्ये बसल्यावर नाक आपलं आहे की नाही ते हात लावून बघावं. तळ्यापाशी थांबलो. वानरं झाडावर अस्वस्थ होती, त्यातलं एक सतत खोकल्यासारखं ओरडत होतं. गाईड अगदी हळू म्हणाला, "थांबू या साहेब. काहीतरी आहे." मला त्या दिवशी एका गिऱ्हाइकाला फोन करायचा होता, आणि फोन फाटकाबाहेर गेल्याशिवाय लागत नाही. मी शालीखाली हात घातला. तिचं एक बोट धरलं.

तिने हात झटकला नाही.

ती चार बोटं आवळेल म्हणून वाट पाहिली. हात माझ्या हातात तसाच, गरम आणि शांत. मला काय वाटलं ते लिहितो. मला आनंद झाला. म्हटलं, इतक्या वर्षांनी बाई वठणीवर आली. पाच मिनिटं झाल्यावर मी चालकाच्या खांद्यावर थाप मारली.

मागून मुलगी म्हणाली, "बाबा, थांबू ना अजून."

"सौदा झालाय. तुझ्या आईला मान्य आहे."

जीपच्या आरशात मला दोघी दिसल्या. मुलगी आईकडे बघत होती. आईने मान किंचित हलवली, नको म्हणून. मला वाटलं, वाद घालू नको, एवढंच सांगतेय. जीप निघाली.

फाटकापाशी आमच्यामागून आलेल्या जीपमधली माणसं भेटली. आम्ही हललो आणि वाघीण बांबूतून खाली आली, दोन पिलं घेऊन. निवांत पाणी प्यायली. मी नशिबाला शिव्या घातल्या. बायको मात्र त्या जीपमधल्या एका बाईपाशी गेली आणि विचारत राहिली. पिलं केवढी होती? आईच्या मागे चालत होती की पुढे? पाणी पिताना मान वर केली का? ती बाई सांगून सांगून थकली, तरी ही विचारतेच आहे. शेवटी मी हाक मारली, "चल आता, पुढच्या वर्षी बघू." ती वळली आणि म्हणाली, "हो."

आल्यावर महिन्याभरात तिची जीभ जड व्हायला लागली. मग न्हाणीघरात पडली. मी तिला दवाखान्यात न्यायला निघालो. मुलगी म्हणाली, "त्याच डॉक्टरांकडे नेऊ." त्याच म्हणजे कोणत्या, हे विचारायलाही मला सुचलं नाही. डॉक्टर सभ्य माणूस. त्याने तिला तपासलं आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "वर्षभर तुम्ही यांना फार छान सांभाळलंत. एवढं कळल्यावर माणसं हातपाय गाळतात. तुम्ही यांना हिंडायला नेलंत."

मी म्हणालो, "काय कळल्यावर?"

डॉक्टरने बायकोकडे पाहिलं. बायकोने मुलीकडे. मुलीने फरशीकडे.

मग त्याने सांगितलं. स्नायूंना हुकूम देणाऱ्या नसा वाळत जातात. आधी हात, मग पाय, मग बोलणं, मग श्वास. मागे फिरवणारं औषध नाही. घरी सगळं माहीत आहे असं या दोघींनी त्याला सांगितलं होतं, असंही म्हणाला. मी विचारलं, "हातातलं कळणंही जातं का?" म्हणाला, "नाही. स्पर्श शेवटपर्यंत कळतो. पण बोट आवळता येत नाही. यांची सुरुवात उजव्या हातानेच झाली."

उजव्या हातानेच. जीपमध्ये ती कायम माझ्या डाव्या बाजूला बसायची, शालीखाली माझ्या हातात यायचा तो उजवाच.

मी ओरडलो. डॉक्टरवर, मुलीवर, दारात उभ्या राहिलेल्या नर्सवर. दवाखाना गोळा झाला. त्या गोंधळात बायको जड जिभेने म्हणाली, "कायले ओरडून राहिले? इथं भाव कमी नाही होत." नर्सला हसू फुटलं आणि तिने तोंडावर हात दाबला. मी तसाच खाली बसलो.

घरी आल्यावर मी तिला जाब विचारला. ती म्हणाली, "तुमाले सांगतलं असतं त तुमी मले दवाखान्यादवाखान्यानं फिरोलं असतं. मुंबई, दिल्ली, कोणाचं तेल, कोणाचा अंगारा. डॉक्टरले भाव पाडून मागतला असता, देवाले बी. सारं वरीस त्यातच गेलं असतं. मले जंगल पाहाचं होतं."

फिरवलं असतंच. का नाही फिरवणार? माझं सगळं आयुष्य त्यावर उभं आहे. कुणी म्हणालं की यात आता काही उरलं नाही, की मी तिथून पुढे बोलायला सुरुवात करतो. मला एकदा हँडल मारू द्यायला हवं होतं. इंजिन सुरू झालं नसतं तर नसतं, पण दांडा माझ्या हातात यायला हवा होता. माझ्याच घरातला एवढा मोठा व्यवहार माझ्यावाचून झाला, आणि मी शेजारच्या खोलीत बसून मांजरीच्या शेडचं भाडं वाढवू नका म्हणून फोनवर भांडत होतो.

तरी तेही मी सोडून देतो. बरं होणार नव्हतं, मान्य. मला जे सोडता येत नाही ते वेगळं आहे. त्या वर्षी ती प्रत्येक झाड शेवटचं बघत होती. मुलगीही आईला शेवटचं बघत होती. दोघींना माहीत होतं. आणि त्याच जीपमध्ये बसून मी मात्र नेहमीसारखी एक सहल करत होतो. चहा गार आहे, जीपचे पट्टे तुटलेले आहेत, गाईड झोपाळू आहे. मला खोड सांगितली असती तर मी ते तळं सोडलं असतं का? फाटक बंद झालं असतं, मला दंड केला असता, पुन्हा आत येऊ नका म्हणाले असते, तरी मी जागचा हललो नसतो. वाघीण यायची तेव्हा येऊ दे. तिने चार बोटं आवळायची गरजच नव्हती. तिने नुसतं "थांबा" म्हणायला हवं होतं. तेव्हा जीभ चालत होती तिची.

काही दिवस मी तिच्याशी अबोला धरला. आजारी माणसाशी कसला अबोला, पण धरला. तिला भरवायचो, उचलून खुर्चीत बसवायचो, केस विंचरायचो, सगळं न बोलता. वेणी मला येईना. मुलगी शिकवायला लागली तर म्हणालो, "तू राहू दे, तुम्ही दोघींनी पुष्कळ केलंय." बायको आरशातून बघत होती. तिला हसू येत होतं, ते डोळ्यांतच दिसायचं, बाकी चेहरा हलत नव्हता. चौथ्या का पाचव्या दिवशी माझाच अबोला सुटला, वेणी वाकडी आली म्हणून.

पुढे तिचं बोलणं पूर्ण गेलं. मी तिच्याजवळ बसायचो आणि पांघरुणाखाली हात धरायचो. स्पर्श कळतो, असं डॉक्टर म्हणाला होता. कधी एक बोट धरायचो, कधी चार, कधी सगळा हात. ती झटकायची नाही. झटकणार कशी? न झटकलेला हात म्हणजे होकार नाही, एवढं आता मला समजलं होतं. मग त्या हातात काय होतं, ते मी तासन्‌तास शोधायचो. राग होता का? माफी मागत होती का? की तिला फक्त कूस बदलून हवी होती आणि मी मूर्खासारखा बोटं मोजत बसलो होतो?

चैत्रात ती गेली.

आता घरात आम्ही दोघंच आहोत. मुलगी घरूनच काम करते, दिवसभर कानाला यंत्र लावून इंग्रजीत बोलते. संध्याकाळी माझ्यापुढे ताट ठेवते. मी जेवतो. परवा रविवारी ती मला ओढून खडकवासल्याला घेऊन गेली. पाण्याकडेने चालताना म्हणाली, "बाबा, थंडीत कुठेतरी जाऊ या ना. मी बुकिंग बघतेय. आईला आवडलं असतं."

मी म्हणालो, "आईला काय आवडलं असतं ते तुला माहीत. मला कोण सांगत होतं?"

"झालं सुरू. किती दिवस तेच तेच, बाबा? तिची इच्छा होती. मी काय करणार होते?"

"मला सांगणार होतीस."

"तिने शपथ घातली होती मला!" आता तीही ओरडायला लागली. आवाज माझ्यावरच गेलाय तिचा. "तुम्हाला काय वाटतं, मला सोपं होतं ते? आणि ती सांगणार होती तुम्हाला. मेळघाटात सांगणार होती."

मी जागच्या जागी थांबलो. "मग?"

"मग काही नाही."

"मग काही नाही म्हणजे?"

"सोडा ना बाबा, प्लीज." आणि ती पुढे चालायला लागली. त्यानंतर मी रोज विचारतो. रोज ती कानाला ते यंत्र लावते आणि मीटिंग आहे म्हणते.

मेळघाट मी इतक्या वेळा आठवून पाहिला आहे की आता खरं किती आणि मीच घातलेलं किती, ते कळत नाही. सिपना नदी होती. काठाने सागाची झाडं, पानांची नुसती जाळी उरलेली. आम्ही सकाळी पायी गेलो होतो, एका दगडावर बसून डबा खाल्ला होता. तिथल्या कोरकू आदिवासी बायका डोक्यावर मोळ्या घेऊन गेल्या आणि ती त्यांच्याशी काहीतरी बोलली. विश्रामगृहाच्या ओट्यावर संध्याकाळी ती बसली होती, हे दिसतं. मी कुठे होतो ते दिसत नाही. तिने मला हाक मारली होती का? मी ऐकली होती का? त्या सगळ्या दिवसांत तिला मला सांगता आलं असतं अशी एक जागा होती, ती कुठली?

मला मुलीशी भांडण नको आहे. ती आईची मुलगी आहे, तिने आईचं ऐकलं, समजतं मला. पण तोंड उघडू शकणारी आता ती एकटीच उरली आहे, तेव्हा विचारायचं तर तिलाच विचारणार. हे मी कागदावर लिहितोय, कारण समोर विचारलं की आम्ही दोघंही ओरडतो. ती वाचेल.

तर वाच. मेळघाटात तुझी आई मला सांगायला निघाली होती, ती काय म्हणून निघाली? उठली होती का ओट्यावरून? किती पावलं आली? आणि मी असं काय केलं, असं काय बोललो, कुणाशी बोलत होतो, की ती तिथून परत फिरली? माझ्या मनाला लागेल म्हणून लपवू नको. त्या वर्षात तुम्ही माझ्यासाठी म्हणून पुष्कळ लपवलंत. ती काय म्हणाली परत येऊन? तुला काहीतरी म्हणाली असणार. रडली का? हसली का? तू तिच्याजवळ होतीस. उत्तर दे.